बुलढाणा जिल्ह्यातील मासिक पाळीविषयक समज आणि पाळी लांबवणाऱ्या गोळ्या

मासिक पाळी लांबवणाऱ्या गोळ्या म्हणजे अपेक्षित तारखेला येणारी पाळी काही दिवस पुढे ढकलण्यासाठी घेतलेल्या संप्रेरकांच्या गोळ्या होत. यासाठी प्रामुख्याने नॉरएथिस्टेरॉन हे औषध वापरले जाते. काही वेळा नेहमीच्या गर्भनिरोधक गोळ्याही या कामी येतात. महाराष्ट्राच्या इतर भागांप्रमाणेच बुलढाणा जिल्ह्यातही या गोळ्यांचा संबंध कुटुंबनियोजनापेक्षा सणवार, घरातील मंगलकार्ये आणि तीर्थयात्रा यांच्याशी अधिक आहे. पाळीच्या काळात स्त्रीने देवकार्यापासून दूर राहावे, हा संकेत त्यामागे असतो. त्यामुळे या गोळ्यांचा वापर समजून घेताना औषधशास्त्राबरोबरच पाळीविषयीच्या सामाजिक धारणांचाही विचार करावा लागतो.

बुलढाणा हा पश्चिम विदर्भातील, अमरावती विभागातील जिल्हा असून तो जुन्या वऱ्हाड प्रांताचा भाग होता. जिल्ह्यात १३ तालुके आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या २५,८६,२५८ होती आणि तीपैकी तीन चतुर्थांशांहून अधिक लोक ग्रामीण भागात राहत होते. शेगाव, लोणार, मेहकर, सिंदखेड राजा ही जिल्ह्यातील प्रसिद्ध स्थळे आहेत.

पाळीसाठी वापरले जाणारे शब्द

मराठीत पाळीचा थेट उल्लेख टाळण्यासाठी अनेक शब्दप्रयोग रूढ झाले. ‘कावळा शिवणे’, ‘बाहेरची होणे’, ‘बाजूला बसणे’, ‘दूर होणे’, ‘अडचण असणे’ हे त्यांपैकी काही होत. पाळी आलेल्या स्त्रीला जुन्या बोलीत ‘विटाळशी’ म्हणत. यांपैकी बहुतेक शब्दांत शरीरात काय घडते यापेक्षा स्त्रीने कोठे असावे आणि कशाला शिवू नये, हे सूचित होते. अलीकडच्या पिढीत ‘डेट’, ‘पिरियड’, ‘प्रॉब्लेम’ हे शब्द वापरात आहेत. इंग्रजी शब्दांमुळे संकोच काहीसा कमी झाला असला, तरी ‘प्रॉब्लेम’ या शब्दात ‘अडचण’ या जुन्या शब्दाचाच अर्थ टिकून आहे.

विटाळाची कल्पना आणि तिला झालेला विरोध

धर्मशास्त्रीय ग्रंथांत रजस्वला स्त्रीसाठी अनेक निर्बंध सांगितले आहेत. त्यांना अनुसरून पूर्वी अनेक घरांत स्त्री तीन दिवस वेगळ्या जागी बसत असे आणि चौथ्या दिवशी न्हाऊन घरात येत असे. एकत्र कुटुंबे कमी झाल्यावर आणि घरे लहान झाल्यावर स्वयंपाकघरातील बंदी बऱ्याच ठिकाणी सैल झाली. देवघर आणि मंदिर यांबाबतचे निर्बंध मात्र तुलनेने अधिक टिकले. शेतमजुरी करणाऱ्या कुटुंबांत पाळीच्या दिवसांतही निंदणी, खुरपणी आणि कापूस वेचणी चालूच असते. म्हणजे एकच स्त्री त्याच दिवशी शेतात चालते, पण देवासमोर चालत नाही.

या कल्पनेला मराठी परंपरेतूनच जुना विरोध झालेला आहे आणि त्यातील दोन धागे बुलढाणा जिल्ह्याशी जोडलेले आहेत. महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी तेराव्या शतकात या भागात वावरले. लोणार आणि मेहकर ही स्थाने महानुभाव साहित्यात येतात. स्त्रीच्या विटाळाविषयी प्रश्न निघाला असता, नाक, डोळे, कान यांतून जसे मळ बाहेर पडतात तसाच हाही शरीराचा एक स्राव असून त्याचा विटाळ मानण्याचे कारण नाही, अशा आशयाची भूमिका त्यांनी मांडल्याचे लीळाचरित्रातून दिसते.

दुसरा धागा संत चोखामेळा यांच्या कुटुंबाचा आहे. देऊळगाव राजा तालुक्यातील मेहुणा राजा हे गाव एका परंपरेनुसार चोखामेळा यांचे जन्मस्थान मानले जाते. त्यांच्या पत्नी संत सोयराबाई यांच्या नावावरील एका प्रसिद्ध अभंगात विटाळाच्या कल्पनेवरच प्रश्न उपस्थित केला आहे. देहाची उत्पत्तीच विटाळातून होते, मग विटाळावाचून कोणता देह आहे, असा त्या अभंगाचा आशय आहे. त्यात जातीचा विटाळ आणि शरीराचा विटाळ या दोन्ही कल्पना एकाच वेळी तपासल्या जातात.

ऋषिपंचमी आणि भाद्रपदातील सण

विटाळाच्या कल्पनेचे सर्वांत स्पष्ट रूप ऋषिपंचमीच्या व्रतात आढळते. भाद्रपद शुद्ध पंचमीला स्त्रिया हे व्रत करतात. पाळीच्या काळात नकळत झालेल्या स्पर्शाचा दोष जावा, हा त्याचा परंपरागत हेतू सांगितला जातो. व्रतकथेनुसार एका स्त्रीने विटाळात घरकाम केल्यामुळे तिला पुढील जन्मी कुत्रीचा आणि तिच्या पतीला बैलाचा जन्म मिळाला. या दिवशी बैलाच्या श्रमातून पिकलेले धान्य न खाण्याचा प्रघात आहे. अनेक स्त्रिया पाळी कायमची थांबल्यानंतर या व्रताचे उद्यापन करतात.

बुलढाणा जिल्ह्यात या तिथीला आणखी एक महत्त्व आहे. शेगाव येथे संत गजानन महाराज यांनी ८ सप्टेंबर १९१० रोजी समाधी घेतली. तो दिवस ऋषिपंचमीचा होता. त्यामुळे दरवर्षी याच तिथीला शेगावात पुण्यतिथी उत्सव होतो. आदल्या दिवशी गणेश चतुर्थी असते आणि पाठोपाठ ज्येष्ठा गौरींचे आगमन होते. विदर्भ आणि मराठवाड्यात या गौरींना ‘महालक्ष्म्या’ म्हणतात. अनुराधा नक्षत्रावर त्यांचे आवाहन, ज्येष्ठा नक्षत्रावर पूजन व महानैवेद्य आणि मूळ नक्षत्रावर विसर्जन होते. सोवळ्यातील स्वयंपाक, पूजेची मांडणी, सवाष्णीचे जेवण ही सर्व कामे मुख्यतः घरातील स्त्रियाच करतात. पुढील महिन्यात घटस्थापना आणि नवरात्र येते.

अशा वेळी पाळी येण्याची शक्यता किती असते, हे साध्या गणिताने कळते. पाळीचे चक्र २८ दिवसांचे आणि रक्तस्राव ५ दिवसांचा धरल्यास कोणत्याही तीन दिवसांच्या सणात चारपैकी एका स्त्रीला किमान एक दिवस तरी पाळी असणार. गणेश चतुर्थीपासून महालक्ष्म्यांच्या विसर्जनापर्यंत सहा दिवस धरले, तर हे प्रमाण एक तृतीयांशाहून थोडे अधिक होते. म्हणजे घरात दोन-तीन सुना असतील, तर कोणाला तरी ‘अडचण’ येणे हा अपवाद न राहता नियम ठरतो. पूर्वी अशा वेळी जाऊ, नणंद किंवा शेजारीण मदतीला येत असे. विभक्त कुटुंबात एकच स्त्री असते आणि सणाचे सर्व ओझे तिच्यावर पडते. गोळ्यांची मागणी वाढण्यामागे धार्मिक संकेताइतकेच हे बदललेले कुटुंबही कारणीभूत आहे.

लग्न, मुंज, वास्तुशांती, सत्यनारायण पूजा, तीर्थयात्रा आणि पायी वारी ही गोळ्या घेण्याची इतर कारणे होत. शेगावहून गजानन महाराजांची पालखी आषाढी वारीसाठी पंढरपूरला पायी जाते आणि हा प्रवास सुमारे महिनाभर चालतो. लांबच्या पायी प्रवासात शौचालय, पाणी आणि कपडे बदलण्याची जागा यांची अडचण हेही पाळी टाळावीशी वाटण्याचे कारण असते. राज्य महिला आयोगाने २०२२ पासून ‘आरोग्यवारी’ उपक्रमातून पंढरीच्या पालखी मार्गांवर सॅनिटरी नॅपकिनच्या सोयीकडे लक्ष दिले. परीक्षा, खेळांच्या स्पर्धा आणि सहली यांसाठीही मुली पाळी पुढे ढकलण्याविषयी विचारतात.

गोळ्यांचा इतिहास

मराठीत संततिनियमनाची उघड चर्चा गोळ्यांच्या शोधाआधीच सुरू झाली होती. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केले आणि १९२७ ते १९५३ या काळात ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवले. त्या काळी उपलब्ध साधने बाह्य वापराची होती.

नॉरएथिस्टेरॉन हे संप्रेरक १५ ऑक्टोबर १९५१ रोजी मेक्सिको सिटी येथील सिंटेक्स कंपनीच्या प्रयोगशाळेत तयार झाले. लुईस मिरामोंतेस या तरुण रसायनशास्त्रज्ञाने कार्ल जेरासी आणि जॉर्ज रोझेनक्रांझ यांच्या मार्गदर्शनाखाली ते बनवले. पुढे ग्रेगरी पिंकस आणि जॉन रॉक यांनी अमेरिकेत ‘एनोव्हिड’ या वेगळ्या कंपनीच्या गोळीवर काम केले. या गोळीला १९५७ मध्ये तेथे मान्यता मिळाली, ती पाळीच्या तक्रारींवरील औषध म्हणून. गर्भनिरोधक म्हणून मान्यता मिळण्यास १९६० साल उजाडले. याचा अर्थ, अमेरिकेत संप्रेरकांच्या या गोळीला पहिली अधिकृत मान्यता पाळी नियंत्रित करण्यासाठीच मिळाली होती.

गोळ्यांच्या पाकिटात २१ दिवस संप्रेरक आणि पुढे सात दिवस विश्रांती अशी रचना ठेवण्यात आली. या सात दिवसांत रक्तस्राव होतो. तो गोळी थांबल्यामुळे होणारा स्राव असतो, स्त्रीबीज बाहेर पडल्यानंतर येणारी नैसर्गिक पाळी नव्हे. स्त्रियांना हे चक्र नैसर्गिक वाटावे, हा त्यामागील एक विचार होता. २००३ मध्ये अमेरिकेत ८४ दिवस सलग घ्यावयाच्या गोळ्यांना मान्यता मिळाली. त्यामुळे वर्षातून फक्त चार वेळा रक्तस्राव होतो. ब्रिटनमधील तज्ज्ञांच्या संस्थेने २०१९ च्या मार्गदर्शनात सात दिवसांच्या विश्रांतीचा आरोग्याला विशेष लाभ नसल्याचे स्पष्ट केले.

भारतात शासकीय कार्यक्रमातील ‘माला-एन’ आणि सवलतीच्या दरात मिळणारी ‘माला-डी’ या परिचित गोळ्या आहेत. त्यांच्या पाकिटात २१ संप्रेरकांच्या आणि ७ लोहाच्या गोळ्या असतात. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने विकसित केलेली ‘सहेली’ ही संप्रेरकविरहित गोळी १९९१ मध्ये बाजारात आली. शासकीय कार्यक्रमात ती ‘छाया’ नावाने मिळते. काही स्त्रियांत तिच्यामुळे पाळी लांबते, परंतु पाळी पुढे ढकलण्यासाठी ती वापरली जात नाही.

गोळ्यांचे कार्य

पाळीच्या चक्राच्या उत्तरार्धात प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक गर्भाशयाचे अस्तर टिकवून धरते. गर्भ राहिला नाही तर त्याची पातळी घसरते, अस्तर सुटते आणि पाळी येते. नॉरएथिस्टेरॉन हे प्रोजेस्टेरॉनसारखे काम करते. ते चालू असेपर्यंत अस्तर सुटत नाही. गोळ्या थांबवल्यावर साधारणतः दोन-तीन दिवसांत पाळी येते.

डॉक्टर सहसा ५ मिलिग्रॅमची गोळी दिवसातून तीन वेळा, अपेक्षित तारखेच्या तीन दिवस आधीपासून सुरू करण्यास सांगतात. उशिरा सुरू केल्यास किंवा गोळी चुकल्यास मध्येच रक्तस्राव होऊ शकतो. ज्यांची पाळी अनियमित आहे त्यांच्या बाबतीत तारखेचा अंदाजच चुकू शकतो. जी स्त्री आधीपासून २१ दिवसांच्या गर्भनिरोधक गोळ्या घेत आहे, तिने मधले सात दिवस न थांबता पुढचे पाकीट सुरू केल्यास पाळी लांबते. माला-डीसारख्या पाकिटात त्यासाठी लोहाच्या गोळ्या सोडून पुढच्या पाकिटातील संप्रेरकांच्या गोळ्या सुरू कराव्या लागतात.

या दोन पद्धतींत एक महत्त्वाचा फरक आहे. पाळी लांबवण्यासाठी थोडे दिवस घेतलेले नॉरएथिस्टेरॉन गर्भनिरोधक म्हणून विश्वासार्ह नसते. त्यामुळे सणासाठी गोळ्या घेतल्यानंतर पाळी आली नाही, तर गर्भधारणेची चाचणी करणे आवश्यक ठरते.

प्रचलित समज

पाळीचे रक्त ‘अशुद्ध’ असते आणि ते अडले तर शरीरात साठून अपाय करते, असा समज व्यापक आहे. प्रत्यक्षात हे रक्त आणि गर्भाशयाचे अस्तर शरीराच्या इतर भागांसारखेच असते; त्यात शरीरातील विषारी द्रव्ये जमा होत नाहीत. गोळ्या चालू असताना रक्त कोठेही तुंबत नाही, कारण अस्तर सुटण्याची क्रियाच थांबलेली असते. एखाद्या वेळी गोळ्या घेतल्याने वंध्यत्व येते, हाही समज निराधार आहे. दुसरीकडे, ‘सगळ्याच घेतात, म्हणून काही होत नाही’ हा समजही तितकाच चुकीचा आहे. पपई, गूळ किंवा तीळ यांनी पाळी लवकर येते आणि लिंबाचा रस किंवा व्हिनेगरने ती लांबते, या समजुतींना वैद्यकीय आधार नाही.

धोके आणि दक्षता

मळमळ, डोकेदुखी, स्तनांत जडपणा, पोट फुगल्यासारखे वाटणे आणि मनःस्थितीत बदल हे सामान्य दुष्परिणाम होत. गंभीर धोका विरळा, पण महत्त्वाचा आहे. नॉरएथिस्टेरॉनचा काही अंश शरीरात इस्ट्रोजेनवर्गीय द्रव्यात रूपांतरित होतो. पाळी लांबवण्यासाठी लागणारी मात्रा मोठी असल्याने रक्तवाहिनीत गुठळी होण्याचा धोका काहीसा वाढतो. पूर्वी अशी गुठळी झालेल्या, पक्षाघात किंवा हृदयविकार झालेल्या, यकृताचा आजार किंवा स्तनाचा कर्करोग असलेल्या, दृष्टीसमोर चकाकी येणारी अर्धशिशी असलेल्या तसेच योनीतून होणाऱ्या रक्तस्रावाचे कारण न कळलेल्या स्त्रियांनी या गोळ्या घेऊ नयेत. उच्च रक्तदाब, अतिलठ्ठपणा किंवा पस्तिशीनंतरचे धूम्रपान असल्यास डॉक्टरांशी बोलणे अत्यावश्यक आहे. गर्भवती असण्याची शंका असल्यास आधी चाचणी करावी लागते.

एका पायाच्या पोटरीत सूज व दुखणे, अचानक दम लागणे, छातीत कळ, तीव्र डोकेदुखी, नजरेत किंवा बोलण्यात अचानक फरक ही गुठळीची लक्षणे असू शकतात. अशा वेळी गोळी थांबवून तातडीने रुग्णालयात जावे लागते आणि गोळी घेतल्याचे डॉक्टरांना सांगणे आवश्यक असते. गोळी गुपचूप घेतलेली असेल, तर नेमकी हीच माहिती सांगायची राहून जाते.

भारतात नॉरएथिस्टेरॉन हे शेड्यूल एच या वर्गातील औषध आहे, म्हणजे ते डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाही. व्यवहारात ते मेडिकलच्या दुकानातून अनेकदा चिठ्ठीशिवाय घेतले जाते. पुष्कळदा घरातील दुसरी व्यक्ती गोळ्या आणून देते. अशा वेळी प्रत्यक्ष गोळी घेणाऱ्या स्त्रीला रक्तदाब, पूर्वीचे आजार किंवा चालू औषधे यांविषयी कोणी विचारत नाही. श्रावण, भाद्रपद, आश्विन असे सलग तीन महिने सणांसाठी गोळ्या घेतल्यास पाळीचे वेळापत्रक विस्कळीत होते आणि पुढील तारखेचा अंदाज बांधणे अधिक अवघड होते.

काम, मजुरी आणि पाळी

पाळी टाळण्याची गरज केवळ धार्मिक नसते. पाळीच्या कारणाने मजुरी बुडणे हे त्याचे दुसरे, अधिक कठोर रूप आहे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्री कामगारांच्या बाबतीत ते २०१९ मध्ये राज्यासमोर आले. ‘कोयत्या’ची उचल घेतलेल्या जोडप्याला कामावर खाडा झाल्यास मुकादमाकडे दंड भरावा लागतो. पाळीच्या तक्रारींवर कायमचा उपाय म्हणून अनेक स्त्रियांची गर्भाशये काढण्यात आल्याचे उघड झाले. राज्य शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. सुमारे ८२,००० स्त्रियांच्या पाहणीत १३,००० हून अधिक जणींची गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया झाल्याचे आढळले. गोळी आणि शस्त्रक्रिया यांची तुलना होऊ शकत नाही. तथापि, सोयी आणि विश्रांती देण्याऐवजी स्त्रीच्या शरीरालाच कामाच्या वेळापत्रकात बसवण्याची वृत्ती दोन्हींकडे दिसते.

स्त्रियांचे दृष्टिकोन

जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह दहा देशांत केलेला आणि १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास या विषयातील महत्त्वाचा टप्पा मानला जातो. पाळी पूर्ण थांबवणारे गर्भनिरोधक बहुतेक स्त्रियांना नको असल्याचे त्यात आढळले. नियमित पाळी म्हणजे आरोग्य, प्रजननक्षमता आणि गर्भ न राहिल्याची खात्री, असे अनेकींना वाटत होते. पुढील काळात युरोपातील काही पाहण्यांत मात्र पाळी कमी वेळा यावी अशी इच्छा व्यक्त करणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण मोठे होते.

भारतातही हा दुहेरी दृष्टिकोन दिसतो. २०१७ पासून शासकीय कार्यक्रमात आलेल्या ‘अंतरा’ या तीन महिन्यांच्या इंजेक्शनमुळे पाळी अनियमित होते किंवा थांबते, आणि हेच ते सोडून देण्याचे एक प्रमुख कारण ठरते. म्हणजे पाळी महिनोन्‌महिने बंद राहणे अनेकींना धोक्याचे वाटते, पण महालक्ष्म्यांसाठी ती आठ दिवस पुढे जावी, असेही वाटते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी–५ (२०१९–२१) नुसार भारतात १५ ते ४९ वयोगटातील विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्के जणींनी नसबंदीचा मार्ग स्वीकारला होता, तर गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या ५.१ टक्के होत्या. महाराष्ट्रात नसबंदीचे प्रमाण याहून अधिक आहे. त्यामुळे येथील अनेक स्त्रियांचा संप्रेरकांच्या गोळीशी पहिला परिचय कुटुंबनियोजनातून न होता सणाच्या निमित्ताने होतो.

शासकीय उपक्रम

आशा स्वयंसेविकांमार्फत ग्रामीण किशोरींना अल्प दरात सॅनिटरी नॅपकिन देण्याची केंद्रीय योजना २०११ मध्ये सुरू झाली. महाराष्ट्र शासनाने ८ मार्च २०१८ रोजी ‘अस्मिता’ योजना सुरू केली. तीत जिल्हा परिषद शाळांतील मुलींना आठ नॅपकिनचे पाकीट ५ रुपयांत देण्याची तरतूद होती. जुलै २०१८ मध्ये नॅपकिनवरील वस्तू व सेवा कर रद्द झाला. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमात (२०१४) पाळीविषयीच्या समुपदेशनाचा समावेश आहे. या उपक्रमांचा भर स्वच्छतेवर आहे. पाळी लांबवणाऱ्या गोळ्यांविषयीचा सल्ला प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय किंवा स्त्रीरोगतज्ज्ञ यांच्याकडून घ्यावा लागतो.

मतभिन्नता

गोळ्यांच्या समर्थकांच्या मते पाळी केव्हा यावी हे ठरवणे हा स्त्रीचा अधिकार आहे. प्रवास, परीक्षा, स्पर्धा किंवा तीव्र वेदना यांसाठी सुरक्षित साधन उपलब्ध असताना ते नाकारण्याचे कारण नाही. जिला देवकार्यात सहभागी व्हायचे आहे तिची श्रद्धाही आदरास पात्र आहे, असे ते मानतात. याउलट, अनेक समाजसुधारक व स्त्रीवादी कार्यकर्त्यांच्या मते सणासाठी गोळी घेणे हा विटाळाच्या कल्पनेशी केलेला समझोता आहे. रूढी तशीच राहते आणि औषधाचा भार मात्र स्त्रीच्या शरीरावर पडतो. काही कुटुंबांनी पाळीतही महालक्ष्म्यांचा स्वयंपाक व पूजा करण्यास सुरुवात केली आहे. काही घरांत पुरुषांनी ती कामे स्वीकारली आहेत.

वैद्यकीय दृष्टीने या वादातील कोणतीही बाजू घेणे आवश्यक नाही. निर्णय स्त्रीचा स्वतःचा असणे, तो घेण्यापूर्वी तिची तपासणी होणे आणि नाही म्हणण्याची मोकळीक तिला असणे, या तीन अटी दोन्ही पक्षांना मान्य होण्यासारख्या आहेत. गोळी तीच असते. पण रक्तदाब तपासून, समजून-उमजून घेतलेली गोळी आणि सणाच्या चार दिवस आधी कोणीतरी हातावर ठेवलेली गोळी यांतील धोका सारखा नसतो.